सूप, नाकेदार आणि एका गवताची गोष्ट

 

मागच्या महिन्यात पुण्याला भाचीकडे गेलो होतो. दिवाणखान्याच्या भिंतीवर तीन सुपं टांगलेली. खालून पिवळा दिवा सोडलेला, मधोमध आरसा बसवलेला. "मामा, हॅन्डमेड आहे, ट्रायबल आहे," ती कौतुकाने म्हणाली. किंमत ऐकली आणि गप्प बसलो. किंमत जास्त वाटली म्हणून नाही. ते सूप ज्या बाईने विणलं असेल तिच्यापर्यंत त्यातलं किती पोचलं असेल, हा हिशोब आमच्या घरात कधीच जुळलेला नाही, म्हणून.

आमच्या घरात, म्हणजे अक्षरशः. माझे वडील मुन्शी होते. एका कागद कारखान्याला बांबू पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे. जंगलात डेपो, डेपोवर बांबूची बंडलं, बंडलांवर चुन्याची खूण आणि वडिलांच्या हातात लाल कापडी बांधणीची वही. माझी शाळा, बहिणीचं लग्न, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्या वहीतून निघालं. आज जे लिहितोय ते त्या वहीच्या आतल्या बाजूने लिहितोय, हे आधी सांगून टाकलेलं बरं.

गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा झालेला नव्हता, तो १९८२ साली झाला. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातच मोडायचो आणि म्हातारी माणसं 'चांदा'च म्हणायची. आठवडी बाजाराच्या दिवशी आतल्या गावांतून गोंड बाया यायच्या. डोक्यावर एकात एक रचलेल्या टोपल्या, काखेत सुपं. त्यांतली एक दर महिन्या-दोन महिन्यांनी आमच्याकडे यायची, म्हणून ओळखीची. एकदा नाक्यावर नाकेदाराने तिला अडवलं. (विदर्भाबाहेरच्यांसाठी : नाकेदार म्हणजे वनरक्षक. पदाचं नाव कधीच बदललं, लोकांच्या तोंडचं बदललं नाही.)

"बांबू कुठला?"

"जंगलातला जी. आणखी कुठला राहते?"

खरं बोलली, हीच चूक. त्याने दोन सुपं काढून घेतली, चांगली निवडून घेतली, आणि जा म्हणाला. पावती नाही, गुन्हा नाही, काही नाही. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. वडील शेजारी उभे होते, सायकलला टेकून. आमच्यासमोरून त्याच दिवशी बांबूने भरलेले ट्रक गेले असणार, कारण रोजच जायचे. मी वडिलांना काही विचारलं नाही. इथे 'मी विचारलं' असं लिहायला बरं वाटलं असतं. पण नाही विचारलं.

विचारायला पुढे फार वर्षं लागली, आणि उत्तर शोधायला मला कायद्याच्या पुस्तकापर्यंत जावं लागलं.

बांबू हे गवत आहे. वनस्पतिशास्त्रात त्याचं कूळ तेच, जे धानाचं, गव्हाचं, ज्वारीचं आणि आपल्या अंगणातल्या दूर्वेचं. आता १९२७ चा भारतीय वन अधिनियम काढा. कलम २, पोटकलम ७. 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत ताड-माड, खुंट, झुडपं, वेत यांच्या रांगेत बांबू बसवलेला आहे. इंग्रजांना वनस्पतिशास्त्र कळत नव्हतं म्हणून नाही हो, चांगलं कळत होतं. त्यांच्या वनखात्याचा पहिला प्रमुख डीट्रिख ब्रँडिस मुळात वनस्पतिशास्त्रज्ञच होता. खातं उभं राहिलं १८६४ ला, पहिला कायदा १८६५ ला, कडक कायदा १८७८ ला, आणि १९२७ चा त्याच घराण्यातला पुढचा. प्रश्न मालकीचा होता. गवत म्हटलं तर लोक कापतात, विणतात, विकतात. झाड म्हटलं की तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक परवाना.

ही नुसती आदिवासींची तक्रार नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात वनखात्याने डोंगर-कुरणं ताब्यात घेऊन गोरगरिबांच्या गुराढोरांची कशी कोंडी केली यावर कोरडे ओढलेत. १९३० च्या सविनय कायदेभंगात गुजरातने मीठ उचललं. आमच्याकडे समुद्र कुठला? लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला काय केलं, तर राखीव जंगलात शिरून गवत कापलं! विदर्भाचं मीठ म्हणजे गवत. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रायगडकडे चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, माणसं मेली. शाळेत दांडी शिकवतात, पुसद आणि चिरनेर फारसं शिकवत नाहीत. असो.

आता जरा सुपाकडे येतो, कारण कायदा सांगताना लोक वस्तूच विसरतात.

सूप विणायला कुठलाही बांबू चालत नाही. आमच्या जंगलात मुख्यतः दोन जाती, मानवेल आणि कटांग. मानवेल भरीव, काठी-दांड्याला उत्तम. कटांग जाड, पोकळ, काटेरी. विणकामाला काडी लागते ती कोवळ्या वयाची, साधारण वर्ष-दोन वर्षांची. त्याहून जून झाला की तो घराच्या आड्याला, मांडवाला, कुंपणाला. पावसाळ्यात तोडायचा नाही, कारण तेव्हा बेटातून नवे कोंब वर येत असतात. त्यांना आम्ही वास्ते म्हणतो. वास्त्याची भाजी ज्यांनी खाल्लीय त्यांना सांगायला नको, पण सगळे वास्ते खाल्ले तर पुढच्या वर्षी बेट रिकामं, हेही त्यांनाच ठाऊक. तोड शक्यतो अंधाऱ्या पक्षात करायची, तसा बांबू भुंग्याला लवकर बळी पडत नाही अशी जुन्या लोकांची खात्री.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : बांबू ओला पाहिजे. ओला बांबू कोयत्याखाली सरळ चिरत जातो, त्याची साल आणि गाभा वेगळा करता येतो, कामट्या वाकतात. वाळला की तडकतो. हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका ओल्या बांबूतून काय काय निघतं? धान पाखडायला सूप. मोहफुलं वेचायला टोपली. धान साठवायला उंच कणगी, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली. बांध्यांच्या तोंडाशी लावायचे मासे धरायचे सापळे, ज्यांत मासा आत जातो आणि परत फिरू शकत नाही. भिंतीचे कुड. पळसाच्या पानांची पत्रावळ टाचायला लागते ती काडीसुद्धा बांबूचीच. धनुष्य बांबूचं, आणि कित्येक ठिकाणी त्याची दोरीही बांबूच्या सालीची. बाळाला निजवायचं सुपात आणि माणूस न्यायचा तिरडीवर. यातलं काहीही 'हस्तकला' नव्हतं. हा शब्द नंतर आला, वस्तू वापरातून जाऊन भिंतीवर टांगायची वेळ आली तेव्हा. सूप हे अवजार होतं, नांगरासारखं. नांगर करणाऱ्या सुताराला आपण कधी कलाकार म्हटलं का?

आमचा भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. जमीनदाऱ्या होत्या तोवर रयतेला घरखर्चाचं लाकूड, बांबू, चराई यांचे निस्तार हक्क होते. फुकट नव्हते, वेठबिगार, नजराणे सगळं त्यात आलं. जमीनदाऱ्यांना मी सोन्याचा मुलामा देणार नाही. पण १९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली, जंगल सरकारकडे आलं, आणि निस्तार हक्क हळूहळू 'सवलत' झाला. हक्क आणि सवलत यातला फरक नाक्यावर कळतो.

त्याच काळात देशाला कागद हवा होता. स्वातंत्र्य मिळालंय, शाळा निघताहेत, वर्तमानपत्रं वाढताहेत. कारखान्यांना सरकारांनी लांब मुदतीचे बांबूचे करार करून दिले, कवडीमोल दराने. याचं सगळ्यात नीट नोंदलं गेलेलं उदाहरण आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं आहे. दांडेलीच्या कागद कारखान्याला १९५८ साली बांबू दिला गेला तो टनाला दीड रुपया दराने. होय, एक रुपया पन्नास पैसे. टोपल्या विणणारे बुरूड त्याच बांबूला बाजारात त्याच्या कित्येक पट मोजत होते. सत्तरच्या दशकात त्यांनी आरडाओरड केली की बांबू संपत चाललाय, तेव्हा कर्नाटक सरकारने माधव गाडगीळांना अभ्यास करायला सांगितलं.

गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जे सापडलं ते मला आजही थक्क करतं. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं जाळं असतं. वनखात्याचं आणि कारखान्याचं शास्त्र सांगायचं की हे काटे साफ करा, गर्दी कमी होईल, बांबू जोमाने वाढेल. गावकरी सांगत होते, साहेब, काटे काढू नका, आतला कोंब गुरं आणि जंगली जनावरं खाऊन टाकतात. प्रत्यक्ष मोजमाप केल्यावर गावकरी बरोबर निघाले. काटे साफ केलेल्या बेटांत नवे कोंब वाचत नव्हते. आणि बांबू संपवल्याचा ठपका तोवर कोणावर होता? गुरं चारणाऱ्यांवर आणि टोपल्या विणणाऱ्यांवर.

माझ्या वडिलांच्या वहीतही 'सफाई'ची मजुरी वेगळ्या रकान्यात लिहिलेली आहे. ते गेल्यावर ट्रंकेत सापडली ती वही. अक्षर सुरेख, मोत्यासारखं. वडील वाईट माणूस नव्हते, मजुरांचे आकडे त्यांनी कधी कापले नाहीत असं त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी मला सांगितलं. पण त्या वहीत कुठेही सूप नाही. टोपली नाही. सगळं जंगल बंडलांत मोजलेलं. आणि गंमत बघा, वहीचा कागदही बहुधा त्याच बांबूचा.

कोणी म्हणेल, सरकारने बुरूड कामगारांना सवलतीच्या दरात बांबू दिलाच की. दिला, कार्ड काढून, डेपोवरून. इथे ते मघाचं वाक्य आठवा. तोड होऊन, वाहतूक होऊन, डेपोत पडून, मग रांगेत मिळालेला बांबू बहुतेक वेळा वाळलेला असतो. कागदावर पुरवठा पूर्ण, कोयत्याखाली बांबू तडकतोय. यात कुणाचा दुष्टपणा असायलाच हवा असं नाही. देणाऱ्याला वस्तू ठाऊक नव्हती, एवढं पुरतं.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. ३१ डिसेंबर २००७ पासून अंमल सुरू झाला. त्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे आणि तिच्यात बांबू स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे देशात एकाच वेळी दोन कायदे : १९२७ चा म्हणतो बांबू झाड आहे, २००६ चा म्हणतो बांबू मोहफुलासारखी, मधासारखी वनोपज आहे आणि ती गोळा करून विकायचा हक्क गावाचा आहे. नाक्यावर कुठला कायदा चालणार हे तुम्हीच सांगा.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव इथे उभं राहिलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांची. देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत मोहन हिराबाई हिरालाल ही नावं चळवळीतल्या लोकांना माहीत आहेत. या गावाचा हट्ट जुना. गावाने सागवान वापरून घोटुल बांधला, वनखात्याने तो पाडला, गावाने पुन्हा बांधला आणि आजूबाजूच्या गावांनीही आपापले घोटुल उभे केले. कागद कारखान्यासाठी होणाऱ्या बांबूतोडीलाही गावाने वनहक्क कायद्याच्या कितीतरी आधी विरोध केला होता. २००९ साली जवळपास १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकायला काढला तर वाहतूक परवाना मिळेना. तुमचा बांबू तुमचाच आहे, फक्त तो गावाबाहेर नेऊ नका!

मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबू गौण वनोपज समजा. २७ एप्रिल २०११ ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मी त्या दिवशी तिथे नव्हतो, बातमी वाचली. वाचताना डोळ्यांपुढे कोण आलं हे सांगायची गरज नाही. दोन मंत्री यावे लागले तेव्हा एक पुस्तक हललं.

पुढे २०१२ मध्ये नियम सुधारले, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावसारख्या गावांनीही आपला बांबू आपण तोडून विकायला सुरुवात केली. पाचगावने तर तेंदूपानाचं काम बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात, जंगलाचं नुकसान होतं. पैसा सोडून घेतलेला हा निर्णय शहरात बसून पर्यावरणावर बोलणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) वाचावा असा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला, मग संसदेने दुरुस्ती मंजूर केली आणि १९२७ च्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्द गेला. नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झालं.

पण टाळ्या वाजवण्याआधी बारीक अक्षरं वाचा. ही दुरुस्ती मुख्यतः वनाबाहेरच्या, शेतात लावलेल्या बांबूसाठी आहे. वनातला बांबू अजूनही वनोपज आहे, त्याला नियम आहेत. २०१८ च्या अर्थसंकल्पात बांबूला 'हिरवं सोनं' म्हटलं गेलं, राष्ट्रीय बांबू अभियानाला १२९० कोटी जाहीर झाले. चांगलंच आहे. पण सोनं म्हटलं की आधी सराफ येतो. लागवड, फर्निचर, फरशा, इंधन यांवर परिषदा होतात, सूप विणणारी बाई त्यांत स्टॉलवर असते, व्यासपीठावर नसते.

आणखी एक अवघड गोष्ट आहे, तिच्यावर आपल्या लोकांतही मोकळं बोललं जात नाही. ग्रामसभांना हक्क मिळाले तरी बहुतेक ठिकाणी बांबू अख्खाच्या अख्खा व्यापाऱ्याला जातो. मजुरी मिळते, गावाच्या खात्यात पैसे येतात, ही मोठीच गोष्ट. पण विणकाम तिथल्या तिथे राहतं, कारण ते म्हाताऱ्यांचं आणि बायकांचं काम आणि त्याचा हिशोब आजही कोणाच्या वहीत नाही. शिवाय बुरूड समाज. ते आदिवासी नाहीत, त्यांच्या वाट्याला जंगल नाही. पिढ्यान्‌पिढ्या फक्त हातातला कोयता. वनहक्क कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून जागा आहे, पण तिथे तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास्तव्याचा पुरावा मागतात. तो फिरस्त्या कारागिराने कुठून आणायचा? ग्रामसभा आणि बुरूड यांनी आपसात ओल्या बांबूचा करार करावा असं मला वाटतं. सरकारची वाट न बघता करता येईल असं हे काम आहे.

मेळघाटात धारणी तालुक्यात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी नव्वदच्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं, कोरकू कारागिरांना सोबत घेऊन. तिथे कारागीर स्वतःच्या मालाचा भाव काढायला शिकतो, हे मला घराघरातल्या बांबूच्या राख्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक टोपलीत किती तास गेले हे एकदा मोजलं की घासाघीस करणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलता येतं.

दिवाळीनंतर गावी गेलो होतो. बाजार अजून मंगळवारीच भरतो. प्लास्टिकची निळी सुपं ढिगाने, चार दुकानांत. कोपऱ्यात एक बाई बसली होती, चाळिशीची असेल, पुढ्यात चार टोपल्या आणि दोन परड्या. सूप नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "सुपाले वल्ला बांबू लागते जी. आणला नाही. पुढच्या मंगळवारी या."

मी परगावचा, पुढच्या मंगळवारी नसणार हे तिला सांगितलं. पैसे आत्ता घ्या, भावाकडे देऊन ठेवा, असं म्हणून नोट पुढे केली. तिने नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सूप पाहिल्याबिगर कशाचे पैसे? आधी पाखडून पाहा, मंग द्या."

नोट खिशात ठेवली. भावाला सांगून आलोय. त्याचा काल फोन आला, सूप आलंय, घट्ट विणलंय, वहिनीने त्यात तांदूळ पाखडून पाहिले म्हणे.